जड गोळी वर का लागते?

मित्रांनो, एक साधा प्रश्न. एकच रिव्हॉल्व्हर, एकच माणूस, तोच हात, तोच नेम. पहिल्यांदा हलक्या गोळीचं काडतूस उडवलं, दुसऱ्यांदा जड गोळीचं. समोर पंचवीस मीटरवर कागद लावला आहे. जड गोळी कागदावर कुठे लागेल, हलकीच्या वर की खाली?

हा प्रश्न मी आमच्या वर्गात, होस्टेलच्या मेसमध्ये आणि एसटीत शेजारी बसलेल्या एका पॉलिटेक्निकवाल्यालाही विचारला. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच: "खाली. जड आहे ना!" दोघांनी गॅलिलिओचं नाव घेऊन "सारख्याच ठिकाणी" असं सांगितलं. उत्तर आहे, वर! आणि थोडीथोडकी नाही, चांगली डोळ्यांना दिसेल इतकी वर.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनात काही राहून गेलं तर संपादक मंडळ सांभाळून घेईलच. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं ठरवलं, कारण तो मला मराठीतच कळला. आमचं घर नसरापूरला. पुण्याहून सातारा रस्त्याने पस्तीस-छत्तीस किलोमीटर, चेलाडी फाट्याला वळलं की आलंच. बनेश्वरमुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाव पाहिलं असेल, आणि राजगड-तोरण्याचा ट्रेक केलेल्यांनी तर वेल्ह्याला जाताना आमच्याच गावात चहा घेतला असेल. आमच्या शेजारी एक आबा राहतात. एका सरकारी खात्यात हत्यारी नोकरी करून रिटायर झालेले. शिक्षण सातवीपर्यंत. पण हा नियम त्यांनी मला एका वाक्यात सांगितला होता: "पोरी, जड गोळी वर जाती, हलकी खाली बसती. का ते तुझ्या पुस्तकात बघ."

तर पुस्तकात बघू या. यात लागणारं गणित फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचंच आहे, घाबरू नका.

माशी, खाच आणि खाली बघणारी नळी

आधी फिक्स्ड साइट म्हणजे काय ते बघू. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकाला वर एक उभं पातं असतं. त्याला माशी म्हणतात. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी बसवायची, दोन्हींचा माथा एका रेषेत आणायचा आणि ती रेषा टार्गेटवर टेकवायची. झाला नेम.

ऑलिम्पिकमध्ये जी पिस्तुलं दिसतात त्यांची मागची खाच स्क्रूने वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवता येते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकलं, ते अशाच सरकत्या साइटच्या पिस्तुलाने. गोळ्या खाली लागताहेत असं दिसलं की खाच दोन क्लिक वर, काम फत्ते. पण पोलिसांच्या किंवा स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरला हे लाड नसतात. माशी नळीवरच पक्की असते आणि खाच फ्रेममध्येच कोरलेली. कारण सोपं आहे. असं हत्यार कातडी पाकिटात राहतं, जीपमध्ये आपटतं, पावसात भिजतं. त्याला हलणारा भाग नकोच. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२चं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे परवानाधारकांकडे बरंच दिसतं, त्याचीही साइट अशीच पक्की. म्हणजे कारखान्याने जे जुळवून दिलं ते जन्मभरासाठी!

आता गंमत बघा. असं रिव्हॉल्व्हर रिकामं करून, खात्री करून, शिकंज्यात धरलं आणि नळीत एक सरळ गज घातला, तर काय दिसतं? साइटची रेषा टार्गेटवर आहे, पण गज टार्गेटच्या खाली बघतोय! माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते. नेम धरताना माशीचा माथा खाचेच्या रेषेत आणायचा म्हणजे नळीचं तोंड खाली दाबावं लागतं. म्हणजे चाप ओढायच्या क्षणी नळी चक्क चुकीच्या जागी रोखलेली असते आणि तरी गोळी बरोबर लागते. का? कारण गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी तिथे राहिलेलीच नसते.

गोळी आत असतानाच

बऱ्याच जणांना वाटतं की आधी गोळी जाते आणि मग धक्का बसतो. सिनेमात तसंच दिसतं. पण न्यूटनचा तिसरा नियम थांबून वाट बघत नाही. ज्या क्षणी गोळी पुढे ढकलली जाते त्याच क्षणी रिव्हॉल्व्हर मागे ढकललं जातं. आणि नळी असते मुठीच्या वर. धक्का वरच्या रेषेत, आधार खालच्या रेषेत. मग हत्यार नुसतं मागे जात नाही, फिरतं. तोंड वर उचललं जातं. रिव्हॉल्व्हरमध्ये हे जास्त जाणवतं, कारण चक्राच्या वरच्या घरातून गोळी सुटते, त्यामुळे नळी हाताच्या बरीच वर बसते.

लहानपणी गल्लीत अंडरआर्म क्रिकेट सगळेच खेळलोय. हात खालून वर येतो आणि बॉल सुटतो. बॉल सुटताना हात जितका वर आलेला, तितका बॉल उंच. इथेही तसंच आहे. गोळी सुटताना नळीचं तोंड किती वर आलंय, आणि कोणत्या वेगाने अजून वर चाललंय, यावर गोळीची दिशा ठरते.

"मग घट्ट धरायचं ना!" असं कुणीतरी म्हणणारच. वेळेचा हिशोब बघा. वेब्लीचं .३८चं मार्क फोर रिव्हॉल्व्हर घेऊ. नळी पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १९० मीटर. सारखा अॅक्सिलरेशन धरला तर गोळी नळीत राहते साधारण १.३ मिलिसेकंद. माणसाला नुसतं कळून प्रतिक्रिया द्यायलाच दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे मेंदूपर्यंत बातमी पोचेपर्यंत गोळी कागदातून आरपार गेलेली असते. हात घट्ट असला तर हाताचं वजन हत्यारात मिळाल्यासारखं होतं आणि उचल थोडी कमी होते, एवढंच. म्हणून तर सगळे उस्ताद एकच सांगतात: पकड कशीही असो, दरवेळी सारखी ठेवा.

खरा फंडा: वेळ नाही, वजन

नेहमी दिलं जाणारं उत्तर असं: जड गोळी हळू चालते, नळीत जास्त वेळ राहते, तोपर्यंत तोंड जास्त वर येतं, म्हणून ती वर लागते. हे चूक नाही, पण अर्धंच आहे. कारण मग प्रश्न येतो: गोळी तीच ठेवली आणि दारू वाढवली तर? गोळी लवकर बाहेर पडेल, पण धक्काही जोराचा बसेल. मग वर की खाली?

वहीत मांडून बघू. गोळीवर जे बल लागतं तेवढंच उलट दिशेने हत्यारावर लागतं. हत्याराला फिरवणारा टॉर्क म्हणजे हे बल गुणिले नळीची उंची. उंची मोजायची हत्याराच्या सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीपासून. आता बल म्हणजे गोळीचं वस्तुमान गुणिले तिचं अॅक्सिलरेशन. हे दोनदा इंटिग्रेट करा. गोळीच्या बाजूला अॅक्सिलरेशनचं काय होतं? गोळीने कापलेलं अंतर! आणि गोळी बाहेर पडताना ते अंतर म्हणजे नळीची लांबी. ती तर ठरलेली आहे. म्हणून:

तोंडाची उचल = गोळीचं वस्तुमान × नळीची उंची × नळीची लांबी ÷ हत्याराचा मोमेंट ऑफ इनर्शिया

नीट बघा, यात वेग कुठेच नाही! वेळही नाही. दारू कमी असो की जास्त, गोळी नळीच्या तोंडाशी येईपर्यंत हत्यार तेवढंच फिरलेलं असतं. जोराचा धक्का कमी वेळ, हलका धक्का जास्त वेळ, हिशोब बरोबरीत सुटतो. उरतं फक्त गोळीचं वजन.

अजून एक तुकडा आहे. गोळी सुटताना तोंड नुसतं वर आलेलं नसतं, ते वर चाललेलंही असतं. तो आडवा वेग गोळीलाही मिळतो, चालत्या एसटीतून फेकलेल्या चेंडूसारखा. तो वेग भागिले गोळीचा वेग केलं की पुन्हा गोळीचा वेग कटतो आणि वरच्या सूत्रात नळीच्या लांबीच्या जागी "नळीची लांबी अधिक सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीपासून तोंडापर्यंतचं अंतर" येतं. हाही भाग फक्त वजनावरच अवलंबून. जळालेल्या दारूच्या वायूचं वस्तुमान इथे सोडून दिलंय. ते धरलं तर आकडे थोडे सरकतील, पण मुद्दा तोच राहील.

आता आकडे घालू. रिव्हॉल्व्हर १.१ किलो. गोळी २०० ग्रेन, म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम. नळीची उंची २ सेंटीमीटर, रेडियस ऑफ जायरेशन ७ सेंटीमीटर आणि तोंडापर्यंतचं अंतर १२ सेंटीमीटर धरलं. उत्तर येतं साधारण ०.०१२ रेडियन, म्हणजे पाऊण अंशाच्याही आत. ऐकायला काहीच नाही. पण पंचवीस मीटरवर ते होतात ३० सेंटीमीटर! आपली शाळेतली फूटपट्टी आठवा. तेवढं.

यातून गुरुत्वाकर्षण थोडं परत घेतं. १९० मीटर वेगाने पंचवीस मीटर जायला ०.१३ सेकंद लागतात, तेवढ्यात गोळी साडेआठ सेंटीमीटर खाली येते. नळी साइटच्या रेषेच्या दोनेक सेंटीमीटर खाली असते, ते वेगळं. राहिलेले १९ सेंटीमीटर कुठेतरी जिरवायला हवेत. ते जिरवते माशी. माशी आणि खाच यांच्यात १६० मिलिमीटर अंतर धरलं, तर माशी खाचेपेक्षा सव्वा मिलिमीटरभर उंच ठेवली की काम झालं. नळी मघाशी खाली का बघत होती, ते आता कळलं असेल.

मग "जड म्हणून खाली" हे कुठे खरं?

खरं आहे, पण लांबवर. जड गोळीचा वेग सहसा कमी असतो, तिला पोचायला वेळ लागतो, म्हणून ती जास्त खाली येते. मात्र हे खाली येणं अंतराच्या वर्गाने वाढतं आणि तोंडाच्या उचलीचा फायदा फक्त अंतराच्या पटीत. म्हणून जवळ उचल जिंकते आणि लांब गुरुत्वाकर्षण.

.३८ स्पेशलची दोन काडतुसं घेऊ. एकात १५८ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला साधारण २३० मीटर. दुसऱ्यात ११० ग्रेनची, वेग ३०० मीटरच्या आसपास. हत्यार मघाच्याच मापाचं धरलं तर पंचवीस मीटरवर जड गोळी सुमारे ५ सेंटीमीटर वर लागते. दोघींचे मार्ग एकमेकांना छेदतात पाऊणशे मीटरच्या जवळपास. त्यापुढे जड गोळी खाली. पण पाऊणशे मीटरवर रिव्हॉल्व्हर चालवतो कोण? ते सात, दहा, फार तर पंचवीस मीटरचं हत्यार आहे. म्हणून रिव्हॉल्व्हरच्या जगात आबांचाच नियम चालतो. आणि वर्गातल्या मित्रांचं उत्तर रायफलच्या जगातलं आहे असं म्हणून आपण त्यांनाही पासिंगपुरते मार्क देऊन टाकू.

दीड माशाची गोष्ट

हे सगळं कागदावरचं नाही. आपल्याच देशात वर्षानुवर्षं वापरलेल्या हत्याराच्या बाबतीत हे घडलं आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना .४५५चं मोठं रिव्हॉल्व्हर जड वाटू लागलं. नव्या भरतीच्या शिपायाला ते लवकर शिकवता येईना. म्हणून ते .३८वर आले. गोळी लहान झाली तर तिने वजनदार तरी असावं, म्हणून २०० ग्रेनची शिशाची गोळी ठरली. एनफिल्ड नंबर टू हे रिव्हॉल्व्हर १९३२ मध्ये स्वीकारलं गेलं, आणि वेब्लीचं मार्क फोर याच काडतुसाचं. मग एक कायद्याची शंका निघाली. शरीरात गेल्यावर पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत, असा १८९९चा हेगचा ठराव होता. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यामुळे अशा गोळ्यांना 'डमडम' हे नाव पडलं, ते तुम्ही ऐकलं असेलच. उघड्या शिशाची गोळी त्यात बसते की काय, म्हणून १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बदलून पूर्ण धातूचं वेष्टण असलेली १७८ ग्रेनची गोळी आणली.

दोनशेचे एकशे अठ्ठ्याहत्तर. बावीस ग्रेन, म्हणजे १.४ ग्रॅम. आपल्या सोनाराच्या भाषेत सांगायचं तर जेमतेम दीड मासा! वेग जवळपास तोच. पण वजन अकरा टक्क्यांनी कमी, म्हणजे उचलही अकरा टक्क्यांनी कमी. तीस सेंटीमीटरचे अकरा टक्के, सव्वातीन सेंटीमीटर. म्हणजे २०० ग्रेनसाठी जुळवलेलं हत्यार १७८ ग्रेनची गोळी पंचवीस मीटरवर तेवढी खाली टाकणार.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसननेही याच काडतुसाची रिव्हॉल्व्हरं ब्रिटिशांना लाखोंनी पुरवली. तीच हत्यारं नंतर अमेरिकन बाजारातल्या १४६ ग्रेनच्या गोळीने चालवली की गोळ्या खाली लागतात, हा जुन्या हत्यारांच्या शौकिनांचा नेहमीचा अनुभव. आपल्या सूत्राने हिशोब केला तर वजन सत्तावीस टक्के कमी, वेग थोडा जास्त, आणि वजाबाकी करून पंचवीस मीटरवर साडेसहा सेंटीमीटर खाली. काडतूस त्याच घरात नीट बसतं, चाप ओढला की उडतं, आवाजही तोच. वेगळी असते ती फक्त कागदावरची जागा.

आपल्या पोलिसांकडेही वेब्ली जातीची .३८ची रिव्हॉल्व्हरं वर्षानुवर्षं होती. आणि काडतुसांशी तर पुण्याचं जुनं नातं. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. 'के एफ' असा शिक्का असलेली काडतुसं तिथलीच. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या, त्यात ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. सामान्य परवानाधारकाला .३८ ठेवता येत नाही, तो प्रोहिबिटेड बोअर. त्याच्यासाठी .३२. पण नियम दोघांनाही एकच.

खाली लागलं म्हणजे माणूस चुकला?

आता आबांची गोष्ट, कारण मला हा लेख लिहावासा वाटला तो त्यासाठीच.

त्यांच्या नोकरीत वर्षातून एकदा फायरिंग व्हायचं. एका वर्षी वेगळ्या बनावटीच्या काडतुसांचा डबा आला. "गोळी जरा आखूड दिसायची," एवढं आबांना आठवतंय. सहा गोळ्या उडवल्या, सहाही खाली. शेरा मिळाला: हात दचकतो. म्हणजे धक्क्याच्या भीतीने चाप ओढायच्या आधीच मनगट खाली दाबलं जातं. नव्या शिपायाला असा शेरा मिळाला तर कुणी मनावर घेत नाही. पण वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला तो लागतो. पुढच्या वर्षी जुना डबा आला आणि गोळ्या जागेवर बसल्या. शेरा मात्र कागदावर तसाच राहिला.

आबांनी तो टार्गेटचा कागद घडी करून ट्रंकेत ठेवलाय. मी तो फूटपट्टीने मोजला. सहाही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जातात. त्यांचा मध्य नेमाच्या जागेपासून पाच सेंटीमीटर खाली, पण डावी-उजवीकडे जवळजवळ काहीच सरकलेला नाही.

मित्रांनो, मेट्रॉलॉजीच्या व्हायव्हात आपल्याला काय विचारतात? अॅक्युरसी आणि प्रिसिजन यातला फरक सांगा. सिस्टिमॅटिक एरर आणि रँडम एरर यातला फरक सांगा. आपण पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवतो. हा कागद म्हणजे त्या उत्तराची आकृती आहे! दचकणारा हात दरवेळी सारखा दचकत नाही. एखादी गोळी चार सेंटीमीटर खाली, एखादी पंधरा, मधली एखादी बरोबर, आणि बहुतेक वेळा बाजूलाही ओढलेली. त्यात ग्रुप फाटतो. गोळीचं वजन बदललं तर ग्रुप फाटत नाही, आख्खाच्या आख्खा सरळ खाली सरकतो. आबांचा ग्रुप फाटलेला नाही. सहा भोकं तळहाताएवढ्या जागेत घालणारा हात दचकत नसतो.

माणूस तपासायचा तर ग्रुप बघा. हत्यार आणि काडतूस यांची जोडी तपासायची तर ग्रुपचा मध्य बघा. दोन्ही एकाच आकड्यात कोंबलं की दोष कुणाच्या तरी माथी बसतो, आणि तो बहुतेक वेळा ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या. आबांना नियम माहीत होता. रेंजवर ते तो बोललेही. पण सातवी पास माणसाच्या "जड वर, हलकी खाली" या वाक्याखाली सूत्र नव्हतं, म्हणून ती सबब ठरली.

यावर उपाय काय?

तीन आहेत. पहिला आणि सगळ्यात चांगला: हत्यार ज्या वजनाच्या गोळीसाठी जुळवलंय तीच गोळी वापरा. काडतूस बदललं तर सरावही त्याच काडतुसाने करा. सराव एका वजनाने आणि ड्यूटी दुसऱ्या वजनाने, हे म्हणजे टेनिस बॉलवर नेट्स करून लेदर बॉलची मॅच खेळण्यासारखं.

दुसरा: नेम सरकवून धरायचा. खाली लागतंय तर तेवढंच वर धरा. बनेश्वरला महाशिवरात्रीच्या गर्दीत फुगे फोडायच्या बंदुकीवर आपण हेच करतो. पहिला छर्रा कुठे जातो ते बघायचं, मग फुगा सोडून शेजारच्या फुग्यावर नेम धरायचा. गमतीत चालतं. पण जिवावरच्या प्रसंगात कुणाला हे सेंटीमीटर आठवणार?

तिसरा: माशी घासायची. गोळ्या खाली लागत असतील तर माशीची उंची कमी करायची. तोंड आपोआप थोडं वर धरलं जातं. किती? सव्वातीन सेंटीमीटर वर आणायला आपल्या हिशोबाने ०.२ मिलिमीटर, साडेसहासाठी ०.४. कानशीचे मोजके हात! म्हणूनच हे काम आर्मररचं, आपलं नाही. घासलेलं पोलाद परत येत नाही, आणि उद्या जुना जड गोळीचा डबा आला तर तेच हत्यार वर मारायला लागेल. उलट गोळ्या वर लागत असतील तर माशी उंच हवी, म्हणजे नवीनच बसवावी लागते. त्यामुळे नवीन हत्याराची माशी किंचित उंच ठेवलेली केव्हाही बरी.

थोडक्यात काय, फिक्स्ड साइट म्हणजे कारखान्याने माशीच्या उंचीत लिहून ठेवलेलं एक गृहीतक: "गोळी अमुक वजनाची असेल." ते गृहीतक कुणी गुपचूप बदललं तर हत्यार तक्रार करत नाही. ते फक्त दुसरीकडे मारतं. आपण उद्या इंजिनिअर होऊ, कुठे गेज लावू, कुठे सेन्सर बसवू, कुठे ऑपरेटरच्या कामाची तपासणी करू. रीडिंग एका बाजूला सरकलेलं दिसलं तर आधी एवढंच विचारा, सगळी रीडिंग्ज एकत्र सरकली आहेत का? सरकली असतील, तर डब्यात यंदा काय वेगळं आलंय ते बघा. समोर उभ्या माणसाबद्दल शेरा लिहायला नंतरही वेळ असतो.

आणि हो, आबांना मी सूत्र समजावून सांगितलं. दोनदा इंटिग्रेशनसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी वजनच की. मी तर तेच म्हनत हुतो."